पोटाची औषधे : ती काय करतात आणि काय करीत नाहीत

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आरोग्य हा विषय समुद्राएवढा मोठा आहे. त्यातला ओंजळभर भाग मी आज निवडला आहे, आणि तो म्हणजे पोटाची औषधे. हाच भाग निवडण्याचे कारण असे की, आपण कोणालाही न विचारता सर्वांत जास्त औषधे घेतो ती पोटासाठीच. ताप उतरला नाही तर दोन दिवसांनी का होईना, माणूस डॉक्टरकडे जातो. पोटाचे मात्र तसे नाही. आपल्या घरातले कपाट उघडून पाहा. पित्ताच्या गोळ्यांची एक पट्टी, जुलाब थांबविणारी एक गोळी, इसबगोलचा डबा, अंगदुखीची गोळी, आणि आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाने आणलेली, नाव कोणालाच नीट वाचता न येणारी आणखी एक पट्टी, एवढे बहुतेक घरांत सापडतेच. शेजारीण म्हणते, "आमच्या यांना हिनेच बरे वाटले," आणि ती पट्टी एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

मला जे सांगावयाचे आहे ते आधीच थोडक्यात सांगून टाकतो. पोटाचे प्रत्येक औषध एका ठरावीक जागी एक ठरावीक काम करते. ती जागा आणि ते काम आपल्याला माहीत असेल, तर ते औषध आपला मित्र आहे. माहीत नसेल, तर ते पुष्कळदा आजाराची खूण तेवढी पुसून टाकते आणि आजार आत तसाच राहू देते.

'पित्त' म्हणजे नेमके काय?

आपण खाल्लेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो. जठर ही स्नायूंची पिशवी आहे. तिथे अन्न घुसळले जाते आणि त्यावर जठररस ओतला जातो. पुढे सहा-सात मीटर लांबीच्या लहान आतड्यात अन्नाचे खरे पचन व शोषण होते, आणि मोठ्या आतड्यात उरलेले पाणी शोषून घेतले जाते.

जठररसात तीव्र आम्ल असते. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड तुम्ही पाहिले असेल. तेच आम्ल आपल्या पोटात तयार होते. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली हे दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण प्रकार घडला. १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे व भाजीचे तुकडे आत सोडले, ते किती वेळात विरघळतात ते टिपून ठेवले आणि १८३३ साली त्यावर पुस्तक लिहिले. पचन ही एक रासायनिक क्रिया आहे हे अशा रीतीने डोळ्यांनी पाहता आले.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर करतो. "पित्त उसळले" असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत आलेले असते. ज्याला शास्त्रात पित्तरस म्हणतात तो यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो, आणि तेलातुपाच्या पचनाला मदत करतो. औषधाच्या दुकानातली पित्ताची गोळी या पित्तरसावर काहीच काम करीत नाही. ती काम करते आम्लावर.

आणि आम्ल हे काही शत्रू नव्हे. ते अन्नाबरोबर आलेले असंख्य जंतू मारते, प्रथिनांचे पचन सुरू करते, आणि अन्नातले लोह व बी-१२ जीवनसत्त्व मिळवून देण्यास मदत करते. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा एक लेप असतो, त्यामुळे हे आम्ल जठराला स्वतःला जाळीत नाही. लेप शाबूत आणि आम्ल आपल्या जागी, म्हणजे सारे ठीक. लेप फाटला किंवा आम्ल जागा सोडून वर गेले, म्हणजे त्रास सुरू.

आम्लावरची तीन प्रकारची औषधे

पहिला प्रकार सर्वांत जुना. तयार झालेल्या आम्लात अल्कली मिसळून ते निष्प्रभ करावयाचे. खाण्याचा सोडा, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट ही या घराण्यातली औषधे होत. गुलाबी किंवा पांढरे, ढवळून घ्यावयाचे पातळ औषध मिळते, त्यात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकत्र असतात. याचे कारण गमतीचे आहे. मॅग्नेशियमने शौचास पातळ होते आणि ॲल्युमिनियमने घट्ट होते. दोन्ही मिळून तोल सांभाळला जातो. सोड्याने ढेकर येतो, कारण आम्ल व सोडा एकत्र आल्यावर कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढेकर आला म्हणजे रोग गेला असे नव्हे. शिवाय सोड्यातून सोडियम शरीरात जाते, म्हणून रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी तो वरचेवर घेऊ नये. या औषधांचा गुण काही मिनिटांत येतो आणि तास-दोन तासांत संपतो.

दुसरा प्रकार आम्ल तयार होण्याआधीच अडविणारा. जठराच्या भिंतीतल्या आम्ल बनविणाऱ्या पेशींवर निरनिराळी कुलपे असतात. हिस्टामिन नावाचे द्रव्य ही त्यांतल्या एका कुलपाची किल्ली. ही किल्ली लागली की पेशी आम्ल सोडू लागते. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी खोटी किल्ली तयार केली की जी कुलपात बसते, पण फिरत नाही, आणि खऱ्या किल्लीला जागाच उरत नाही. ते औषध म्हणजे सिमेटिडिन. १९७६ साली ते इंग्लंडमध्ये विक्रीला आले. तोपर्यंत जठरव्रणाच्या, म्हणजे अल्सरच्या, कित्येक रोग्यांना जठराचा भाग कापून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागे. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच घराण्यातली रॅनिटिडिन आपल्याकडे वर्षानुवर्षे घरोघर होती. तिच्यात एक घातक अशुद्धी आढळल्यामुळे २०२० साली अमेरिकेने ती बाजारातून काढावयास लावली आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती वगळली गेली. घरात जुनी पट्टी असेल तर ती चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा प्रकार सर्वांत जोरदार. किल्ली कोणतीही असो, शेवटी आम्ल बाहेर पडते ते पेशीतल्या एका सूक्ष्म पंपातून. १९८८ साली आलेले ओमेप्रेझोल आणि नंतरची पँटोप्रेझोल, रॅबेप्रेझोल ही औषधे या पंपालाच कायमची चिकटून बसतात. शरीराने नवा पंप तयार करीपर्यंत जुना बंदच राहतो. म्हणून औषध रक्तातून तास-दोन तासांत नाहीसे झाले तरी परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो.

आता यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, ती लक्षात ठेवा. पंप चालू असतानाच हे औषध त्याला पकडू शकते, आणि पंप चालू होतो जेवणाने. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. भरपेट बिर्याणी खाऊन जळजळ सुरू झाल्यावर ती घेणे म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर चूल पेटविणे. तसेच, तिचा पूर्ण गुण यावयास तीन-चार दिवस लागतात. ही गोळी फोडून किंवा चावून खाऊ नये, कारण तिच्यावरचे आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत पोहोचविण्यासाठीच दिलेले असते.

ही औषधे उत्तम आहेत, पण ती बहुधा चार ते आठ आठवड्यांसाठी दिली जातात. आपल्याकडे मात्र पुष्कळ माणसे ती वर्षानुवर्षे सकाळच्या चहासारखी घेतात. दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ व मॅग्नेशियम कमी पडू शकते, लोहाचे शोषण घटते आणि आतड्याच्या काही संसर्गांची शक्यता वाढते. मुलींना शाळेत रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि घरी त्यांना आईची पित्ताची गोळी मिळते. मग लोह अंगी लागणार कसे? आणखी एक चकवा असा की, गोळी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल आधीपेक्षा जास्त सुटते. माणूस म्हणतो, "पाहा, गोळीवाचून माझे चालतच नाही." तो रोग नसून बंद केल्याची तात्पुरती उसळी असू शकते. मात्र ज्यांना रक्तस्रावाचा धोका आहे किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी ही गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. सुरू करणे आणि थांबविणे, दोन्ही विचारून करावे.

अल्सरमागचा जंतू

"काळजी केली, तिखट खाल्ले, म्हणून अल्सर झाला," असे आपले वडीलधारे म्हणत आणि डॉक्टरही म्हणत. आम्लात जंतू जगूच शकत नाहीत असा समज होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांना जठराच्या अस्तरात वळणदार जंतू वारंवार दिसू लागले. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि त्या हळू वाढणाऱ्या जंतूची पैदास पहिल्यांदा पाहावयास मिळाली. तरी कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंनी भरलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या, जठराला सूज आली आणि तिथे तोच जंतू सापडला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याची लागण झालेल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण ज्यांना अल्सर होतो त्यांच्यात तो पुष्कळदा कारणीभूत असतो. नुसती आम्लाची गोळी घेतली तर व्रण भरतो, पण जंतू राहतो आणि व्रण परत येतो. आम्लाची गोळी आणि दोन प्रतिजैविके मिळून साधारण १४ दिवस नियमाने घेतली तर कारणच नाहीसे होऊ शकते. खूण पुसणे आणि कारण काढणे यांतला फरक याहून स्पष्ट दुसरा नाही. ज्या आजारासाठी माणसे आयुष्यभर गोळ्या खात, तो पंधरा दिवसांत बरा होऊ शकतो. पण त्यासाठी तपासणी करावी लागते, आणि अर्धा कोर्स करून सोडून चालत नाही.

अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या वेदना कशा कमी करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. ती सूज व वेदना वाढवितात आणि या गोळ्या त्यांची निर्मिती थांबवितात. पण हीच द्रव्ये जठराचा तो संरक्षक लेपही सांभाळीत असतात. वेदना गेली आणि लेपही गेला. पुष्कळ लोक म्हणतात, "पोटाला त्रास नको म्हणून आम्ही सुई घेतो." त्याने फारसा फरक पडत नाही, कारण औषध रक्तातून फिरून जठरापर्यंत येतेच. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने अशा गोळ्या घेणारे आपल्या घरातले बुजुर्ग शौचास काळे, डांबरासारखे होते असे सांगतील, तर तो आतला रक्तस्राव समजावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बद्धकोष्ठ

येथे आपल्या जुन्या वैद्यकाचा मोठा वारसा आहे. इसबगोल हा शब्दच फारसी आहे: 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान, त्या बीजाचा आकार घोड्याच्या कानासारखा. याची लागवड प्रामुख्याने गुजरात-राजस्थानात होते. इसबगोलचा भुसा पचत नाही. तो पाणी धरून फुगतो, मळ मऊ करतो आणि आतड्याला हलकासा ताण देऊन हालचाल सुरू करतो. म्हणून तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. कोरडा घेतला तर वाटेत अडकण्याची भीती असते.

दुसरी सना, म्हणजे सोनामुखी. युनानी हकीम तिला सना मक्की म्हणून ओळखतात. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची सना जगभर जाते. तिची करामत अशी की, तिच्यातले द्रव्य मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ तसेच पोहोचते. तिथले जंतू त्याचे रूप बदलतात आणि मग ते आतड्याच्या मज्जातंतूंना डिवचते. म्हणून रात्री घेतलेली सना सकाळी काम करते. एरंडेल मात्र लहान आतड्यापासूनच काम सुरू करते, म्हणून दोन ते सहा तासांतच जुलाब होतात.

कधीतरी घेतलेल्या सनेचे भय नाही. रोजची सवय मात्र करू नये. भाजीपाला, फळे, कोंड्यासकट पिठाची भाकरी, पुरेसे पाणी आणि चालणे ही पहिली औषधे. एक नियम मात्र प्रत्येक आईने गाठीशी बांधावा. पोटात जोराची कळ असताना, विशेषतः उजवीकडे खाली दुखत असताना आणि ताप-उलटी असताना जुलाबाचे औषध देऊ नये. ते अपेंडिक्स असेल तर आतड्याला दिलेला हा धक्का जीवावर बेतू शकतो.

जुलाब आणि मीठ-साखरेचे पाणी

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो, कारण मुले दगावतात ती येथे.

आपल्या लहान आतड्यात दररोज सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यातले दोन लिटर आपण प्यालेले असते, उरलेले लाळ, जठररस, पित्तरस वगैरेंचे. यातले जवळजवळ सगळे परत शोषले जाते आणि मळावाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर पडते. जुलाबात ही व्यवस्था बिघडते. बाळाच्या एवढ्याशा शरीरातून पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. बाळ दगावते ते बहुधा या कोरडेपणामुळे.

आपली पहिली धाव असते ती जुलाब थांबविणाऱ्या गोळीकडे. ही गोळी म्हणजे लोपेरामाइड. ती अफूच्या दूरच्या नात्यातली. अफूने आतडे सुस्त होते हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या गरीब माता तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत. मूल शांत राही, पण त्याची किंमत भयंकर असे. लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या त्याच अफूच्या कुलपावर बसते, हालचाल मंद करते. मेंदूत मात्र योग्य मात्रेत शिरत नाही. प्रौढ माणसाला प्रवासात, ताप नसताना आणि रक्त पडत नसताना तिचा उपयोग होतो. पण लहान मुलांचे आतडे तिने लुळे पडू शकते. १९९० साली पाकिस्तानातून अशा बालकांच्या मृत्यूच्या बातम्या वैद्यकीय नियतकालिकांत आल्या होत्या. जुलाब दिसावयाचे बंद झाले म्हणजे पाणी आतड्यात साचणे बंद झाले असे नव्हे. लहान मुलांना ही गोळी देऊ नये.

मग द्यावयाचे काय? मीठ, साखर आणि पाणी. हे स्वयंपाकघरातले औषध आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. आतड्याच्या पेशीवर एक जोडदरवाजा असतो. मीठ एकटे आले तर तो उघडत नाही, साखर एकटी आली तरी उघडत नाही. दोघे बरोबर आले की उघडतो, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हा विचार मांडला. विशेष म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा हा दरवाजा चालू राहतो. १९६८ साली ढाक्यात कॉलऱ्याच्या रोग्यांवर याची परीक्षा झाली.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे आले आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते, ते देणारी शिकलेली माणसे अपुरी होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करवून घेतल्या, ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजावयास सांगितले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाने हा या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरावा, या अर्थाचे उद्गार काढले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. पुढे १९८० च्या दशकात बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रिया खेडोपाडी हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत आयांना चिमूटभर मीठ व मूठभर गूळ पाण्यात कसा कालवावयाचा ते शिकवून आल्या. ज्या आयांना अक्षर येत नव्हते त्यांनीही ते शिकून घेतले.

आता कृती ऐका. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मिळते. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. तयार पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले फेकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये. आईचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये. जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळी डॉक्टर १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी ती पूर्ण द्यावी.

येथे एक इशारा. फळांच्या चवीची गोड पेये औषधाच्या दुकानात 'ओआरएस' अशा नावाने मिळत असत. त्यांत साखर फार आणि क्षार थोडे. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवू शकते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे की नाही हे आपणच वाचून घ्यावे. घरातल्या शाळकरी मुलाला ते वाचता येते. त्याला वाचावयास सांगा.

आणि प्रत्येक जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, आणि प्रतिजैविक विषाणूंवर चालत नाही. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात सुरू झाली. आपल्या बाळाला ती मिळाली का ते कार्डावर पाहा. शौचात रक्त पडत असेल, बाळ सुस्त झाले असेल, डोळे खोल गेले असतील, पाणी पीत नसेल, लघवी झाली नसेल, तर घरगुती उपायात एक तासही घालवू नका.

उलटी

उलटीबद्दल थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी एक चौकी असते, ती रक्तातले विष हुंगते आणि उलटीचा हुकूम देते. डोम्पेरिडोन तिथले डोपामिनचे कुलूप अडविते, ऑन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनचे. आपल्याकडे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन पुष्कळदा मिसळलेले असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. हे औषध काही रोग्यांत हृदयाचे ठोके अनियमित करू शकते, म्हणून २०१४ साली युरोपात ते कमी मात्रेत व थोडे दिवसच द्यावे असे ठरले. तेव्हा पट्टीच्या मागे एक नाव आहे की दोन, तेही वाचावे.

रमजान आणि पोट

रमजानमध्ये पोटाच्या तक्रारी वाढतात, त्याला रोजापेक्षा इफ्तारची घाई अधिक जबाबदार असते. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात भजी, समोसे आणि थंडगार सरबत एकदम लोटले, आणि सहेरी करून लगेच आडवे झाले, तर आम्ल वर येणारच. खजूर-पाण्याने रोजा सोडावा, नमाज पढून मग बेताने जेवावे, इफ्तार ते सहेरी या वेळात पाणी वाटून प्यावे. डॉक्टरांनी आम्लाची गोळी दिली असेल तर सहेरीच्या अर्धा तास आधी घेता येते. ज्याचा अल्सर ताजा आहे किंवा ज्याला नुकताच रक्तस्राव झाला आहे त्याने डॉक्टरांना आणि जाणत्या आलिमांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. पवित्र कुराणाने आजारी व प्रवासी यांना सवलत दिलेली आहे. ती नाकारून जीव धोक्यात घालणे म्हणजे अधिक धार्मिक होणे नव्हे.

केव्हा थांबू नये

काही खुणा अशा आहेत की, त्या दिसल्यावर गोळी घेऊन वाट पाहू नये. रक्ताची उलटी किंवा काळे शौच, घास गिळताना अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली सततची जळजळ, आणि कावीळ. याखेरीज एक खूण फार फसवी आहे. छातीच्या मधोमध दाब, घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. याला आपण "गॅस झाला" म्हणतो आणि सोडा पितो. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत तर तो नुसत्या अपचनासारखाही दिसू शकतो. अशा वेळी ढेकराची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकहो, कोणतीही पोटाची गोळी हाती घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: ही कोठे काम करते? ही खूण पुसते की कारण काढते? ही किती दिवस घ्यावयाची? डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो तुमचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज सांगितलेल्या कथांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक औषधामागे कोणीतरी "हे असे का होते?" असा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. ज्या काळात इब्न सीना यांचा 'कानून' युरोपच्या विद्यापीठांत शिकविला जात होता, त्या काळी तो प्रश्न आपल्या पूर्वजांनीही विचारला होता. त्या वारशाचा नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. रसायनशास्त्राचे, जीवशास्त्राचे पुस्तक उघडावे लागेल. विज्ञान शाखेकडे जा, फार्मसीकडे जा, परिचर्येकडे जा. मुलींनी तर अवश्य जावे, कारण घरातले औषधाचे कपाट बहुधा त्यांच्याच हाती असते.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. कपाट उघडा, मुदत संपलेल्या आणि नाव न कळणाऱ्या पट्ट्या बाजूला काढा, आणि त्यांच्या जागी मीठ-साखरेच्या पाण्याच्या चार पुड्या ठेवा. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात याहून मोलाचे औषध नाही.